कुळकायद्याची मधली आठ वर्षं

राज्यशास्त्राच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आलाय: "जगात जिथे जमिनीचं खरं फेरवाटप झालं तिथे आधी क्रांती झाली, असं आम्हाला शिकवतात. मग महाराष्ट्रात क्रांती न होता कुळं मालक झाली कशी? की ती झालीच नाहीत?"

झाली, पण सगळी नाही झाली. (कूळ म्हणजे मालकाची जमीन खंडाने, म्हणजे भाड्याने, कसणारा.) जी झाली त्यातली बरीचशी कायदा यायच्या आधीच जमिनीवर पाय रोवून उभी होती. आता लांबचं उत्तर. मी प्राध्यापक नाही. तीसेक वर्षं फोर्टात वकिली करतोय आणि त्यातला मोठा भाग कुळवहिवाटीचा: तहसीलदारासमोर अर्ज, प्रांताकडे अपील, महसूल न्यायाधिकरणात रिव्हिजन, मधूनच हायकोर्टात रिट. कुळांकडूनही उभा राहिलो, मालकांकडूनही. त्यामुळे क्रांतीची आणि माझी गाठ फाइलीतच पडते, आणि फाइलीत हा शब्द कुठेच लिहिलेला नसतो. तिथे तारखा असतात.

मागच्या पावसाळ्यात लालबागच्या एका चाळीतून एक आजी आल्या, सोबत नातू. मांडीवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा. रायगड जिल्ह्यातली सव्वा एकर भातजमीन, सासऱ्यांच्या कसणुकीतली. डब्यात खंडाच्या पावत्या होत्या, मोडीतल्या दोन आणि बाकी बाळबोध अक्षरातल्या: 'खंडाचे भात पोहोचले, तक्रार नाही'. दोन जुने सातबारे. आणि घड्यांवर फाटून चार तुकडे झालेला एक कागद. तो राजीनामा. वकिलाच्या भाषेत राजीनामा म्हणजे नोकरी सोडणं नव्हे. कूळ आपल्या खुषीने जमीन मालकाच्या ताब्यात देतंय, यापुढे आपला हक्क राहिला नाही, असं लिहून देणं. खाली सासऱ्यांचा अंगठा, शाई अजून निळी. तारीख १९५६ च्या डिसेंबरातली.

आजी म्हणाल्या, "अंगठा दिला त्या संध्याकाळी खोतांकडून पायलीभर तांदूळ आला होता. सासूबाई सांगायच्या, त्या दिवशी पहिल्यांदा खोतांचा गडी आमच्या ओटीवर बसला."

(खोत म्हणजे गावाचा सारा सरकारसाठी गोळा करणारा वतनदार. खोती तोवर कायद्याने गेली होती. पण कोकणात माणसं अजूनही 'खोतांचं शेत' म्हणतात, तेव्हा आजींचा शब्द तसाच ठेवतो.)

डिसेंबर १९५६ च का, हे नीट बघा. मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम १९४८ चा, अंमल २८ डिसेंबर १९४८ पासून. त्याने कुळाला संरक्षण दिलं, मालकी दिली नाही. मालकी आणली ती १९५६ च्या दुरुस्तीने: १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन', त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसतोय तो मालकच मानला जाईल. किंमत शेतजमीन न्यायाधिकरणाने कलम ३२-ग खाली ठरवायची, आकाराच्या २० पटीपेक्षा कमी नाही आणि २०० पटीपेक्षा जास्त नाही. आकार म्हणजे सरकारी सारा. वर्षाला चार रुपये आकार असेल तर जमिनीची किंमत ८० ते ८०० रुपयांच्या मध्ये कुठेतरी, आणि तीही हप्त्याने फेडायची मुभा. पैसे भरले की ३२-म चं प्रमाणपत्र. आणि मालकाला स्वतः कसायला जमीन परत हवी असेल तर? त्याने ३१ डिसेंबर १९५६ पर्यंत कुळाला नोटीस द्यायची, ३१ मार्च १९५७ पर्यंत मामलेदाराकडे (म्हणजे तहसीलदाराकडे) अर्ज करायचा. नोटीस-अर्जाच्या वाटेने गेलं की अटी, चौकशी, आणि काही जमीन कुळाकडे राहण्याचीच शक्यता. राजीनाम्याच्या वाटेने गेलं की एक अंगठा.

कायद्याला हे ठाऊक नव्हतं असं नाही. राजीनामा लेखी हवा आणि मामलेदाराने त्याची खातरजमा करायला हवी, असं कलमात आहे. खातरजमा व्हायची ती अशी: मामलेदार विचारणार, "खुषीने देतोस ना?" कूळ म्हणणार, "होय साहेब." कुळाच्या मागे दोन पावलांवर मालक उभा. तालुक्याच्या गावाला आणताना बैलगाडी त्याचीच, दुपारच्या भाकरीचे पैसेही त्याचेच. कृषक दिनानंतरही हे थांबलं नाही. ३२-ग च्या जुन्या चौकशीच्या फाइली चाळल्या तर एकाच साच्यातले जबाब सापडतात: 'कूळ हजर. जमीन विकत घेण्याची इच्छा नाही.' खाली अंगठा. की खरेदी निष्प्रभावी. कायद्याने देऊ केलेलं दोन ओळींत परत गेलं.

आता तुमच्या प्रश्नाकडे. जमीन सुधारणेचा कायदा करायला क्रांती लागतेच असं मला वाटत नाही. कायदा घाबरलेलं सरकारही करतं, शहाणं सरकारही करतं. खरी अडचण पुढे असते. कायद्याची चाहूल लागते त्या दिवसापासून मालकी बदलते त्या दिवसापर्यंत मधे जो काळ जातो, त्यात कूळ जमिनीवर टिकायला हवं. मालकाकडे वकील असतो, सावकारी असते, तलाठी ओळखीचा असतो. कुळाकडे फक्त ताबा असतो, आणि ताबा राखायला शेजारची कुळं सोबत लागतात. क्रांती किंवा क्रांतीसारखं जे काही असेल त्याचं काम इथे. आपल्याकडे हा मधला काळ सव्वाआठ वर्षांचा होता.

जिथे कुळं आधीच एकत्र आली होती तिथे हा काळ वेगळा गेला. सगळ्यात ठळक उदाहरण अलिबाग तालुक्यातल्या चरीचं. १९३३ मध्ये चरी आणि आजूबाजूच्या गावांतल्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली खोतांची भातशेती करायचंच बंद केलं. सारा बुडवला नाही, दगड मारला नाही; नांगर धरला नाही, एवढंच. हे १९३९ पर्यंत चाललं. भातावर जगणाऱ्या माणसाने सहा पावसाळे समोरचं खाचर पडीक बघायचं म्हणजे काय, हे शहरात बसून कळत नाही. लाकूडफाटा विकला, खाडीत मासे धरले, मिळेल तिथे मजुरी केली. अलिबागकडचा एक म्हातारा अशील मला म्हणाला होता, "संपात आमच्या आज्याने तीन गोष्टी विकल्या, बैल, भांडी आणि आजीचे डूल. जमीन विकली नाही, कारण ती आमची नव्हतीच." त्या वाक्याला तो स्वतःच हसला होता.

त्याच सुमारास विधिमंडळात काय चाललं होतं? १७ सप्टेंबर १९३७ ला बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. १० जानेवारी १९३८ ला कोकणातून बोटीने आणि आसपासच्या जिल्ह्यांतून पायी आलेल्या हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा त्यांच्या नेतृत्वाखाली कौन्सिल हॉलवर गेला. ही इमारत रीगलसमोर आहे, आज तिथे राज्य पोलीस मुख्यालय आहे. महसुली कामासाठी मी तिच्यावरून शेकडो वेळा गेलोय. शेतकऱ्यांच्या मोर्च्याची साधी पाटीही तिथे माझ्या बघण्यात नाही.

विधेयक मंजूर झालं नाही. पण १९३९ चा मुंबई कुळकायदा आला आणि त्याने महसूल दप्तरात एक नवा शब्द आणला: संरक्षित कूळ. सलग सहा वर्षं जातीने कसलेली जमीन असेल तर मालकाला मन मानेल तसं काढता येणार नाही. हा कायदाही आधी काही जिल्ह्यांपुरताच लागू झाला, सगळ्या इलाख्याला लागू व्हायला १९४६ उजाडलं. पुन्हा तोच मधला काळ. तरीही ज्यांची नावं तेव्हा संरक्षित कूळ म्हणून चढली, त्यांच्या वारसांचे दावे माझ्याकडे आले की मी निम्मा निश्चिंत असतो. ती नोंद मोडणं अवघड. आणि ती नोंद जिथे दाट सापडते तिथली माणसं तलाठ्याच्या समोर घोळक्याने उभी राहिलेली असतात, असा माझा अनुभव आहे.

डहाणू-तलासरीकडे चित्र थोडं निराळं. १९४५ ला गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या लाल बावट्याखाली वारल्यांनी आधी वेठ नाकारली, मग गवत कापण्याच्या मजुरीवर संप केला, गोळीबारही सोसला. जमीन त्यांना लगेच मिळाली नाही. पण लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी पिढ्यान्‌पिढ्या मालकाच्या दारात राबणारा 'लग्नगडी' त्या दोन-तीन वर्षांत उभा राहून बोलायला लागला. मामलेदाराने "खुषीने देतोस ना?" विचारल्यावर "नाही" म्हणायला एवढं तरी आधी घडावं लागतं.

मालकांची बाजूही सांगतो, नाहीतर तुम्हाला चित्र अर्धंच दिसेल. १९४८ च्या आरंभी गांधीहत्येनंतर पश्चिम महाराष्ट्रात गावोगाव ब्राह्मणांची घरं जळली. कित्येक कुटुंबं पुण्या-मुंबईला आली ती परत गेली नाहीत, आणि त्याच वर्षाअखेरीस कुळकायद्याचा अंमल सुरू झाला. या दोन गोष्टी एकातून दुसरी आली असं नाही. पण वाडा सोडून दादरला दोन खोल्यांत राहणाऱ्या माणसाला राजीनामा लिहून घ्यायला गावात जाणंच शक्य नव्हतं, आणि अशा गावांत कुळांची नावं बिनबोभाट लागलेली दिसतात. यात कुणाची शेकडो एकर गेली, कुणा विधवेची दोन एकर. विधवा, अज्ञान, अपंग मालकांसाठी ३२-फ मध्ये कृषक दिन पुढे ढकललाय आणि ठरल्या मुदतीत कुळाने नोटीस द्यायची अट आहे. त्या एका नोटिशीवरून आजही तिसरी पिढी भांडते. मी दोन्ही बाजूंनी ते खटले लढवलेत आणि दोन्ही वेळा मला आपली बाजू न्यायाची वाटली. वकिलाला वाटतंच म्हणा.

बाहेरच्या देशांकडे याच नजरेने बघा. रशियात १९१७ च्या क्रांतीने दुसऱ्याच दिवशी जमिनीचा हुकूम काढला खरा, पण त्या उन्हाळ्यात शेतकऱ्यांनी जमीनदारांच्या जमिनी आधीच ताब्यात घ्यायला सुरुवात केली होती. हुकुमाने ताब्यावर शिक्का मारला. फ्रान्समध्ये ४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री सरंजामी हक्क संपल्याची घोषणा झाली. बारीक अक्षरात मात्र असं होतं की जमिनीवरची देणी पैसे मोजून सोडवून घ्यायची. शेतकऱ्यांनी पैसे भरले नाहीत, दंगे केले, वाट बघितली, आणि १७९३ मध्ये ती देणी मोबदल्याशिवाय रद्द झाली. आपल्या कुळाने ३२-ग ची किंमत भरली, फ्रेंच कुळाने भरायला नकार दिला, हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे.

जपान मला सगळ्यात जास्त शिकवतो. तिथे क्रांती झाली नाही, पराभव झाला. अमेरिकन लष्कराच्या ताब्यात असताना १९४६ चा कायदा झाला आणि लागवडीखालच्या जमिनीपैकी जवळजवळ एक तृतीयांश जमीन मालकांकडून कुळांकडे गेली. कायदा करणाऱ्यांनी हुशारी कुठे दाखवली? कोणाकडे किती जमीन होती हे ठरवायला त्यांनी २३ नोव्हेंबर १९४५ ही मागची तारीख धरली. कायदा येतोय हे कळल्यावर मालकांनी केलेली सगळी सारवासारव फुकट. शिवाय वाटप करणाऱ्या गावसमितीत कुळांचे पाच, जमीनदारांचे तीन, स्वतःची शेती कसणाऱ्यांचे दोन सभासद. म्हणजे मधला काळ कागदावरच बुजवला आणि मामलेदारासमोर कुळाला एकटं उभं केलं नाही.

हा धडा आपणही थोडा घेतला. १९६१ च्या शेतजमीन कमाल मर्यादा कायद्यात ४ ऑगस्ट १९५९ ही मागची तारीख आहे (फ्रान्सच्या त्या रात्रीशी जुळते, तो निव्वळ योगायोग), आणि पुढच्या दुरुस्तीत २६ सप्टेंबर १९७०. त्या तारखांनंतर केलेली हस्तांतरणं मर्यादा चुकवण्यासाठीच केली असं धरून चालायचं. पण गावात कायद्याची कुणकुण तारखेच्याही आधी लागते. जिरायतीची ५४ एकर आणि बारमाही बागायतीची १८ एकर ही मर्यादा बसावी म्हणून झालेल्या वाटण्या मी पाहिल्यात. त्यात पाळण्यातली पोरंही स्वतंत्र खातेदार आहेत.

पश्चिम बंगालने १९७८ मध्ये आणखी वेगळं केलं. नवा कायदा फारसा नाही. होत्या कायद्याखाली बटाईदारांची, म्हणजे बर्गादारांची नावं नोंदायची मोहीम. महसूल कर्मचारी संध्याकाळी मजूर घरी आल्यावर त्यांच्या वस्तीवर जायचे, सगळ्यांसमोर विचारायचे कोण कुणाची जमीन कसतो. १४ लाखांहून जास्त नावं चढली. मालकाच्या ओसरीवर बसून पाहणी करणारा आपला तलाठी आणि वस्तीवर चटई टाकून बसलेला तो कर्मचारी, दोघांकडचं रजिस्टर एकच असतं.

उलट बाजूचं एक उदाहरण देऊन बाहेरचं थांबवतो. ग्वाटेमालात १९५२ ला निवडून आलेल्या सरकारने शांतपणे जमीन कायदा केला. पडीक ठेवलेली मोठी जमीन घ्यायची, मोबदला द्यायचा. १९५४ मध्ये अमेरिकेच्या मदतीने ते सरकारच उलथवलं आणि वाटलेली जमीन परत गेली. आपल्याकडे तशी पाळी आली नाही, त्याचं एक कारण १९५१ ची पहिली घटनादुरुस्ती. तिने जोडलेल्या नवव्या परिशिष्टात दुसऱ्याच क्रमांकावर आपला १९४८ चा कुळकायदा आहे. मूलभूत हक्कांच्या नावाखाली तो कोर्टात पाडता येणार नाही, अशी तजवीज.

तुम्ही विचारलं नाहीत तरी एक गोष्ट सांगायला हवी. कुळकायद्याने जमीन कुळाला दिली. जो कूळही नव्हता, ज्याला जातीमुळे कुणी जमीन खंडाने लावलीच नाही, तो मजूर होता आणि मजूरच राहिला. म्हणून दादासाहेब गायकवाडांना १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह करावे लागले. पडीक सरकारी जमीन कसायला द्या, एवढीच मागणी. महार वतनं, म्हणजे गावकीच्या कामाबद्दल मिळालेल्या जमिनी, १९५८ च्या कायद्याने संपली तेव्हा तीच जमीन वतनदाराला रक्कम भरून, विकायला बंदी घालून परत मिळाली. तोवर कालच्या कुळांची मुलं सोसायटीच्या चेअरमनपदावर पोचली होती, आणि गायरानावर अतिक्रमण झालं म्हणून पहिली तक्रार बहुतेक वेळा त्यांचीच. क्रांती पुढे का गेली नाही, असं कुणी विचारलं की मला या तक्रारअर्जांवरच्या सह्या आठवतात. ज्याचं नाव सातबाऱ्यावर चढलं त्याला पुढची उलथापालथ नको असते. फ्रान्सच्या शेतकऱ्यालाही नको होती.

आणि मुंबईचं काय? कायदा याच शहरात झाला आणि या शहराने स्वतःला त्यातून वगळलं. कलम ४३-क वाचा: कृषक दिनाची ती सगळी कलमं बृहन्मुंबईच्या हद्दीतल्या जमिनींना लागू नाहीत. उपनगरात भात आणि भाजी पिकवणारा आगरी, ईस्ट इंडियन, कुणबी शेतकरी संरक्षित कूळ असू शकतो, पण १ एप्रिल १९५७ ला तो आपोआप मालक झाला नाही. हद्दीच्या पलीकडच्या बांधावरचा झाला. त्या कलमाला एक परंतुक, म्हणजे अपवादाची पुरवणी, आहे आणि त्या परंतुकावर काही वकिलांची घरं चालली आहेत, त्यात माझंही. चाळीतल्या भाडेकरूचंही तसंच. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडं सप्टेंबर १९४० च्या दरावर गोठवलं, त्याला बाहेर काढणं अवघड करून ठेवलं, मालकी मात्र दिली नाही. तो मधल्या काळातच राहिला, पागडी देत-घेत.

आजींच्या कागदाकडे परत येतो. राजीनाम्यावर मामलेदाराच्या खातरजमेचा शेरा नाही. फक्त अंगठा आणि दोन साक्षीदार, त्यातला एक मालकाचा कारभारी. पण त्यानंतरच्या सगळ्या सातबाऱ्यांवर मालकाचीच वहिवाट आहे आणि मध्ये साठ-पासष्ट वर्षं गेलीत. शेऱ्याशिवाय तो राजीनामा कायद्याने पुरा नाही हे मी मांडू शकतो; इतकी वर्षं काय करत होतात, हे समोरचा वकील विचारणार. नातवाला हेच सांगितलं. तो म्हणाला, आजोबा गिरणीत होते, वर्षातून एकदा शिमग्याला जायचे.

तुमच्या स्वतःच्या गावाचं बघायचं असेल तर पुस्तकांच्या आधी तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करा. १९४८ ते १९६० चे फेरफार (हक्क बदलल्याच्या नोंदी) आणि त्याच वर्षांचे गाव नमुना सात-बारा मागा. पीकपाहणीत वहिवाट करणाऱ्याचं नाव आणि 'रीत' असे रकाने असतात. एकाच गटाला सलग काही वर्षं कुळाचं नाव आणि मग एका सालापासून 'खुद्द' (म्हणजे मालक स्वतः) दिसलं, की त्या सालाचा फेरफार काढा. कारण म्हणून काय लिहिलंय, मंजुरीची सही कुणाची आहे, कुळाला नोटीस बजावल्याची नोंद आहे का, ते वाचा. मग शेजारच्या गावाचे काढा, जिथे शेतकऱ्यांची संघटना होती असं म्हातारे सांगतात. दोन्ही गठ्ठे शेजारी ठेवून 'राजीनामा' हा शब्द किती वेळा येतो ते मोजा.